गेनू आप्पांनी घेतलेली बस

आमच्या कंपनीच्या बसला बावन्न सीटा होत्या आणि आम्ही तिच्यात एकतीस जण बसायचो. गेनू आप्पा कोळप्यांबद्दल लिहायचं तर हे आधी सांगायला हवं, कारण त्यांचं आणि आमचं भांडण झालं ते या उरलेल्या एकवीस सीटांवरून. भांडण म्हणतोय, पण भांडले ते एकटेच. आम्ही सह्या केल्या.

मी मूळचा दौंडचा. वडील रेल्वेत. रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मला नोकरी लागली आणि शिरूरला खोली घेऊन राहू लागलो. कोण किती वाजता आलं, कोण उशिरा आलं, कोणाचा अर्धा दिवस कापायचा, हे लिहायचं माझं काम. सव्वासहाला शिरूरच्या स्टँडसमोरून कंपनीची बस सुटायची, सातला पहिली शिफ्ट. नगर रस्ता तेव्हा दुपदरी होता. समोरून ट्रक आला की बस एका बाजूनं मातीत उतरवावी लागे, आणि ती कशी उतरवावी हे गेनू आप्पांकडून शिकावं. झोपलेल्या माणसाची मान हलायची नाही.

पन्नाशी ओलांडलेला उंच माणूस. खाकी शर्ट, खाली पायजमा, थंडीत खांद्यावर घोंगडी. गाव कवठे येमाई. वडील मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, आप्पाही दहा-बारा वर्षांचे होईपर्यंत त्यांच्या मागं चालले. मग घरच्यांनी जमीन धरली आणि आप्पांनी स्टेअरिंग. पाटसच्या बाजूला उसाच्या ट्रकवर त्यांचे कित्येक हंगाम गेले होते. आमची बस कंपनीची नव्हती. वाहतुकीचा एक ठेकेदार होता, बस त्याची आणि आप्पाही त्याचेच.

त्यांना राग फार. सकाळी सकाळीही राग. मागून कुणी हॉर्न वाजवला की ते गाडी आणखी हळू चालवायचे आणि आरशात बघून म्हणायचे, "वाजव, वाजव. तुजी वरात चाललीय ना." एकदा पवार नावाच्या सुपरवायझरनं खिडकीतून गुटख्याची पिचकारी टाकली. बसच्या पांढऱ्या पत्र्यावर लाल ओघळ उतरला. आप्पांनी कारेगावच्या अलीकडं गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, पाण्याची बादली आणि फडकं काढलं आणि पवारच्या मांडीवर ठेवलं.

"पुसा."

"आप्पा, उशीर होतोय."

"व्हतूय की. म्हून लवकर पुसा."

पवारनं खाली उतरून पुसलं. आम्ही सगळे खिडकीतून बघत होतो आणि आम्हाला फार गंमत वाटत होती. मला ते 'टायम ऑफिस' म्हणायचे. "काय टायम ऑफिस, झोप झाली का?" एवढंच आमचं रोजचं बोलणं. मी दुसऱ्या रांगेत खिडकीशी बसायचो आणि शेजारच्या सीटवर माझी पिशवी.

न्हावरा फाट्यावर रोज पंधरा-वीस बाया उभ्या असायच्या. आमच्याच कंपनीत पॅकिंगला. पण त्या कॉन्ट्रॅक्टच्या, आणि बस परमनंट लोकांची. त्यांच्यासाठी वडाप होतं, म्हणजे प्रवासी कोंबून नेणाऱ्या जीपगाड्या. नऊ माणसांच्या जीपमध्ये वीस-बावीस जणी. दोघी-तिघी मागच्या फुटबोर्डवर, एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हातानं वरचा दांडा धरलेला. जीप वेळेवर आली नाही तर गेटवर उशीर, आणि उशीर झाला की त्यांच्या नावापुढं खूण करायला मी होतोच. आमची बस त्यांच्यासमोरून रोज जायची. त्या बघायच्यासुद्धा नाहीत. बस आली की तोंड दुसरीकडं करायच्या, धूळ उडते म्हणून.

माघातली एक सकाळ. दात वाजत होते. फाट्यावर जीप बंद पडलेली, तिचं बॉनेट उघडं आणि बाया पदर कानाला घट्ट धरून उभ्या. आप्पांनी बस थांबवली आणि दार उघडलं.

"चला, बसा."

कुणी हललं नाही. त्यांच्यात सुनंदाबाई म्हणून एक होत्या. शिरूरच्या बुद्धविहाराजवळ राहायच्या, माहेर भीमाकाठच्या वडगाव रासाईचं. नवरा नव्हता, एक मुलगी दहावीला. बायांचं काही म्हणणं असलं की पुढं त्याच व्हायच्या. त्या म्हणाल्या, "आमाला न्हाई चालत आप्पा ह्या गाडीत. पास न्हाई आमच्याकडं."

"जागा हाय का न्हाई, एवढं बगा आत. पासाचं मी बगतो."

त्या चढल्या, आणि चढून उभ्या राहिल्या. एकवीस सीटा रिकाम्या, आणि सतरा बाया मधल्या वाटेत दांडा धरून उभ्या. बसा म्हणून आमच्यातलं कुणी बोललं नाही. आप्पांनी आरशात बघितलं. मग इंजिन बंद केलं.

"आता काय झालं?" मागून कुणीतरी ओरडलं.

"ह्या बसल्याबिगर गाडी हालणार न्हाई."

"अहो आप्पा, राहू द्या, आमी उब्याच बऱ्या," सुनंदाबाई म्हणाल्या.

"तुमास्नी न्हाई इचारलं बाई. तुमी बसा." मग ते मागं वळले आणि सगळ्यांवर एक नजर फिरवली. "आन् ज्यांच्या पिशव्या बसल्यात त्यांनी त्या उठवा. पिशवीला काय पगार हाय का हितं?"

मी पिशवी मांडीवर घेतली. सुनंदाबाई माझ्या शेजारी बसल्या, सीटच्या अगदी कडेला, अर्धी मांडी बाहेर. रांजणगाव येईपर्यंत त्यांनी पाठ टेकली नाही. मीही टेका म्हणालो नाही.

त्या दिवसापासून आप्पा रोज फाट्यावर थांबू लागले. पहिले आठ दिवस आम्ही गप्प होतो. मग कुजबुज सुरू झाली. बस भरली की गरम होतं. बाया बडबड करतात, झोप लागत नाही. डब्यातल्या कालवणाचा वास येतो. पवार एकदा चहाच्या टपरीवर हळू आवाजात म्हणाला, "आपल्या शेजारी कोण येऊन बसेल याला आता काही धरबंधच राहिला नाही." तो कुणाबद्दल बोलतोय हे आम्हा सगळ्यांना कळलं आणि त्यातला अर्थही कळला. एकानंही त्याच्या हातातला चहा सांडला नाही. आता वाटतं, निदान तेवढं तरी करायला हवं होतं.

मग अर्ज फिरला. 'कायम कामगारांच्या सोयीसाठी असलेल्या बसमध्ये अनधिकृत व्यक्तींना प्रवेश दिला जातो, तरी चालकास समज द्यावी.' अक्षर पवारचं होतं. माझ्याकडं आला तेव्हा त्यावर अठरा सह्या होत्या. मी वाचला, खिशातलं पेन काढलं आणि एकोणिसावी केली. कुणी धमकी दिली नव्हती, जबरदस्ती केली नव्हती. लोक विचारतात तेव्हा मी 'दबाव होता' असं सांगत आलो. दबाव नव्हता. मला माझी शेजारची सीट परत हवी होती.

आठवड्यात पर्सोनेल खात्याचा हुकूम निघाला आणि त्याची एक प्रत बसमध्ये, आप्पांच्या डोक्यावरच्या पत्र्याला चिकटवली गेली. पासाशिवाय कोणालाही बसमध्ये घेऊ नये, खाली मॅनेजरसाहेबांची सही. आप्पांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

"कोनालाबी म्हंजी कोनालाबी?"

"हो."

"बरं."

दुसऱ्या दिवशी फाट्यावर बस थांबली नाही. बाया दोन पावलं पुढं आल्या होत्या, तशाच मागं सरकल्या. आप्पांनी रांजणगाव येईपर्यंत एकदाही आरशात बघितलं नाही. आणि आम्ही? आम्ही पाय पसरले. पवार तर दोन सीटांवर आडवा झाला.

पुढं आठ-दहा दिवसांनी गंमत झाली. सरदवाडीच्या पुढं रस्त्याकडेला मॅनेजरसाहेबांची गाडी बंद पडलेली आणि साहेब स्वतः टाय सावरत हात दाखवत उभे. आप्पांनी बस त्यांच्यापुढं नेमकी थांबवली, दार उघडलं. साहेब पायरीवर चढले.

"पास?" आप्पा म्हणाले.

साहेब हसले. "अरे, काय चेष्टा करतोस."

"चेष्टा न्हाई साहेब. पास दावा."

"मी कोण आहे माहीत नाही का तुला?"

"वळखलं की. तुमचीच सही हाय ही, हितं वर. कोनालाबी म्हंजी कोनालाबी, आसं टायम ऑफिसनं वाचून दावलंय मला."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघू लागलो. साहेब एक पायरी खाली उतरले, आप्पांनी दार ओढलं आणि बस पुढं काढली. मागच्या काचेतून साहेब बराच वेळ दिसत होते, रस्त्याच्या कडेला, ऊन नुकतं वर येत असताना. मला हसू फुटलं होतं आणि भीतीही वाटत होती. आप्पा हसत नव्हते. त्यांचा चेहरा रागानं काळा झाला होता आणि ते गाडी तशीच चालवत होते, कुणाची मान हलू न देता.

दुसऱ्या दिवशी बसवर नवा ड्रायव्हर होता. ठेकेदाराला एक फोन गेला, एवढ्यात काम झालं. आप्पांना कुणी नोटीस दिली नाही, कारण द्यायची गरजच नव्हती. ते आमच्या रजिस्टरमध्ये कधी नव्हतेच. पुढं ते दुधाच्या टेम्पोवर लागले. आम्ही रांजणगावकडं निघालेलो असताना ते भरलेले कॅन घेऊन समोरून शिरूरकडं यायचे. आमच्या बसकडं कधी बघत नसत.

जीप उलटली ती त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी.

आम्ही जीपच्या मागंच होतो. वळणावर एक ट्रक समोरून आला, जीप मातीत उतरली, चाक खड्ड्यात गेलं आणि ती आडवी झाली. आवाज फार मोठा झाला नाही. आमच्या ड्रायव्हरनं ब्रेक मारला. आम्ही खाली उतरलो. डबे फुटून भाजी-भाकरी रस्त्यावर पसरली होती. बाया एकमेकींच्या अंगावर पडलेल्या, कुणी ओरडतंय, कुणी नुसतंच बघतंय. फुटबोर्डवरच्या दोघी लांब फेकल्या गेल्या होत्या. त्यातल्या एक सुनंदाबाई. डोक्याखालची माती काळी होत चालली होती.

आम्ही पाच-सहा जणांनी जीप उचलायला हात लावला. बायांना बाहेर काढून कडेला बसवलं. एवढं केलं आम्ही. ते सांगतो, कारण केलं. पण मग कुणीतरी म्हणालं, "बसमध्ये घाला सगळ्यांना, शिरूरला नेऊ." आणि नवा ड्रायव्हर म्हणाला, "मला ऑर्डर नाही." पवार म्हणाला, "कुणाला तरी फोन करून विचारायला पाहिजे. उद्या काही झालं तर आपल्यावर येईल." एक जण म्हणाला, सीटला रक्त लागेल. एक जण फोन शोधत ढाब्याकडं गेला. आणखी एक जण घड्याळ बघत होता. आम्ही तिथं किती वेळ उभे होतो ते माझ्याकडं लिहिलेलं नाही. बाकी सगळ्यांच्या वेळा मी लिहून ठेवायचो.

तेवढ्यात समोरून दुधाचा टेम्पो आला. आप्पा उतरले. ते आधी जीपकडं गेले, मग सुनंदाबाईंकडं. वाकून बघितलं, खांद्यावरची घोंगडी काढून त्यांच्या अंगावर टाकली. मग उभे राहिले आणि त्यांनी आमच्या बसकडं बघितलं. जवळपास रिकामी बस, इंजिन चालू, दार उघडं.

"हिकडं काय यात्रा भरलीय का?" ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की रडणाऱ्या बायाही गप्प झाल्या. "भडव्यांनो, गाडी हुबी हाय आन् तुमी बी हुबं?"

"आप्पा, ऑर्डर..." नवा ड्रायव्हर म्हणाला.

आप्पांनी त्याच्या छातीला हात लावून त्याला नुसता बाजूला केला. आत तिघं-चौघं बसून होते, त्यांना म्हणाले, "उतरा. खाली उतरा सगळी." ते उतरले. मग आप्पांनी सुनंदाबाईंना दोन हातांवर उचललं आणि आत नेऊन मागच्या लांब सीटवर आडवं केलं. ज्यांना चालता येत होतं त्या एकमेकींना धरून चढल्या. मी एकीला हात द्यायला पुढं झालो तर आप्पा म्हणाले, "तुमी ऱ्हाऊ द्या टायम ऑफिस. तुमाला उशीर व्हईल."

बस त्यांनी तिथल्या तिथं वळवली आणि शिरूरकडं नेली. आम्ही एकतीस जण रस्त्यावर उभे राहिलो. दुधाचा टेम्पोही तिथंच उभा. दिवस चढत गेला तसं त्यातलं दूध नासलं.

सुनंदाबाई दुपारी गेल्या. बाकीच्या वाचल्या. एकीचा हात कोपरापासून काढावा लागला.

संध्याकाळी आप्पांना पोलीस ठाण्यात बसवलं होतं. नव्या ड्रायव्हरनं, म्हणजे त्याच्या तोंडून ठेकेदारानं, तक्रार दिली होती: धक्काबुक्की करून बस पळवून नेली. बसमधल्या लोकांचे जबाब घ्यायचे होते. पवार आणि बाकीचे 'आम्ही काही बघितलं नाही' म्हणून घरी गेले. मी गेलो ठाण्यात. दिवसभर माझ्या हाताला जीपच्या तेलाचा वास येत होता, आणि एकदा तरी या माणसाच्या बाजूनं उभं राहायचं असं ठरवूनच मी गेलो.

फौजदारांनी विचारलं, "काय झालं?"

मी म्हणालो, "साहेब, पळवून वगैरे काही नेली नाही. आम्हीच बस दिली. आम्हीच म्हणालो की बायांना दवाखान्यात न्या."

फौजदारांनी लिहायला पेन टेकवलं. बाकावर आप्पा बसले होते, शर्टावर रक्त वाळलेलं. ते उठले.

"साहेब, ह्यो खोटं बोलतोय."

"आप्पा, खाली बसा," मी म्हणालो. "तुमच्या भल्यासाठी..."

"माज्या भल्याचं ऱ्हाऊ दे. ह्यांनी गाडी दिली न्हाई. मी घेतली." ते फौजदारांच्या टेबलापर्यंत आले. "लिवा साहेब. गेनू रामा कोळपे, कवठे येमाई. गाडी घेतली, डायवरला ढकाललं, मानसं खाली उतरवली. लिवा. ह्यांनी दिली आसती तर मला यायची गरजच न्हवती. ती बाई ह्यांच्या डोळ्याम्होरं मातीत पडून हुती."

फौजदारांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग आप्पांकडं. "आप्पा, मी हे लिहिलं तर तुम्ही आत जाल."

"जातो की."

"आणि यांचं लिहिलं तर घरी जाल."

"घरी जाऊन काय सांगू? ह्या लोकांनी लई चांगलं काम केलं म्हून?"

फौजदार म्हातारे होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी माझा जबाब लिहून घेतला, माझी सही घेतली आणि आप्पांना चहा पाजून सोडून दिलं. बाहेर आल्यावर मी आप्पांच्या मागं चार पावलं गेलो. "आप्पा, मला एवढंच जमलं," म्हणालो. ते वळले. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"सुनंदीची पोरगी दवाखान्यात एकली बसलीय," ते म्हणाले. "तिच्याकडं गेला का? न्हाई ना? हितं आला. हितं सोपं हुतं."

आणि ते दवाखान्याच्या दिशेनं चालू लागले. मी त्यांच्याबरोबर गेलो नाही.

माझा तो जबाब कागदावर राहिला, त्याची प्रत कंपनीत पोचली आणि पुढं जे झालं त्याचा राग मला आजही आवरत नाही. महिन्याभरात कंपनीच्या नोटीस बोर्डावर पत्रक लागलं: 'आपल्या कायम कर्मचाऱ्यांनी प्रसंगावधान राखून, स्वतःची बस उपलब्ध करून देऊन जखमी महिलांचे प्राण वाचवले, त्याबद्दल त्यांचे अभिनंदन.' पुढं तेच पत्रक चौकटीत घालून कॅन्टीनच्या भिंतीवर टांगलं. पवार नव्या पोरांना जेवताना ते बोटानं दाखवायचा आणि हळूहळू त्याचं त्यालाच खरं वाटायला लागलं. त्यात सुनंदाबाईंचं नाव नव्हतं. आप्पांचं तर नव्हतंच. त्यातलं एकेक वाक्य माझ्या जबाबातलं होतं. मी एकदा मॅनेजरसाहेबांकडं गेलो आणि म्हणालो, साहेब, हे खरं नाही. ते म्हणाले, "तुमचीच सही आहे ना?"

बायांसाठी बस मात्र सुरू झाली नाही. जीप बदलली, एवढंच.

त्यानंतर तीन वर्षांनी मी ती नोकरी सोडली आणि दौंडला परत आलो. आप्पांना मी शिरूरमध्ये पुन्हा पाहिलं नाही. सुनंदाबाईंच्या मुलीला ते कवठ्याला घेऊन गेले, तिचं बारावीपर्यंत त्यांनी केलं, असं कानावर आलं होतं. जाऊन खात्री करावी असं अनेकदा मनात आलं. कवठे काही लांब नव्हतं.

शेवटचे दिसले ते पाटसला. बरीच वर्षं मध्ये गेली होती. मी स्वतःची गाडी घेतली होती आणि पुण्याला निघालो होतो. उसाचा हंगाम, रस्त्याला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ. एका ठिकाणी ऊसतोडीच्या बाया डोक्यावर वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या शेंड्यांचे, भारे घेऊन रस्ता ओलांडायला कडेला उभ्या होत्या आणि एकही गाडी थांबत नव्हती. तेवढ्यात कुणीतरी रस्त्याच्या मधोमध येऊन उभं राहिलं आणि दोन्ही हात पसरले. हातात शिट्टी नाही, झेंडा नाही. पाठ वाकली होती, डोक्यावर केस नव्हते. आवाजावरून ओळखलं. काचा बंद असूनही तो आत येत होता. "थांब म्हंजी थांब! डोळं गेलं का तुजं त्या गाडीत? दिसत न्हाई?"

माझी गाडी त्यांच्यापासून दोन हातांवर थांबली. त्यांनी माझ्या बॉनेटवर तळहात टेकवला आणि तो तसाच ठेवून बायांना म्हणाले, "चला, सावकाश. पळू नगा." एकेक बाई माझ्या गाडीपुढून गेली. शेवटची एक पोटुशी होती, तिला वेळ लागला. आप्पांनी आत बघितलं. काचेवर ऊन होतं, मी त्यांना दिसलो की नाही माहीत नाही.

मी काच खाली घेतली. पण तोवर ते हात उचलून पुढच्या ट्रॅक्टरवाल्याला शिव्या द्यायला निघाले होते. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. मी गिअर टाकला आणि निघालो.